शेडवर एकट्याचं नाव

नवे मोठे साहेब आले आणि महिन्याभरात त्यांनी आम्हा सगळ्यांना कँटीनच्या हॉलमध्ये बोलावलं. म्हणाले, आजपासून स्वतःला नोकर समजू नका. ज्याच्या डोक्यात काही नवीन असेल त्यानं पुढं यावं. आम्ही त्याला जागा देऊ, दोन माणसं देऊ, एक वर्ष देऊ. या एवढ्या मोठ्या कारखान्याच्या पोटात त्यानं आपला एक छोटा कारखाना काढावा आणि मालकासारखा चालवावा. भाषण हिंदीत होतं, मधूनमधून इंग्रजी. वर पंखे घरघरत होते आणि मागच्या बाकांवरचे अर्धे लोक डुलक्या घेत होते. माझ्या शेजारी माझा जोडीदार बसला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आईक बे, आपल्याले शेठ करून राहिले."

मी हसलो. पण खरं सांगतो, त्या दुपारी मी एकेक शब्द नीट ऐकला होता. घरी जाताना सायकलवर तेच डोक्यात होतं.

मी फिटर. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून आय.टी.आय. करून भिलाईला लागलो, तेव्हा हे सगळं मध्यप्रदेशात होतं आणि आमच्या गावाकडचे लोक विचारायचे, "तिकडं मराठी बोलतेत का गा?" कुठं बोलतात! लाल तापलेल्या लोखंडाच्या पट्ट्या जिथं लाटतात, त्या मिलला पाणी पुरवणारं एक पंप हाऊस होतं. तिथं दुरुस्तीची आमची गँग, पाच जणांची. दोघं रायपूरकडचे छत्तीसगढी, एक आंध्रातला, आणि आम्ही दोघं. दिवसभर हिंदी. साहेबाशी हिंदी, स्टोअरमध्ये हिंदी, भाजीवालीशी अर्धी छत्तीसगढी. घरी पोरांना मराठीत विचारावं तर उत्तर हिंदीत यायचं, "मेरे को भूख नहीं है पापा." बायकोशी बोलायचो तेवढीच मराठी. आणि कारखान्यात जोडीदाराशी.

तो गोंदियाकडचा. वयानं माझ्याहून दोन वर्षं मोठा, पण आमचं अरे-तुरेच. सातवीपर्यंत शाळा, खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, म्हणून लागला आणि हात चालवत चालवत फिटर झाला. नकाशा वाचताना अडखळायचा, पण पंपाला नुसता हात लावून सांगायचा, "याचं बेरिंग रडून राहिलं." दुपारी आम्ही पंपामागच्या ओट्यावर डबे उघडायचो. त्याच्या डब्यातली भाजी माझ्याकडं आणि माझी त्याच्याकडं, हे दहा वर्षं चाललेलं. तो गोष्टी सांगायचा, मी हसायचो. मी चिडका माणूस आहे, कोणाशी लवकर जमत नाही. त्याच्याशी जमलं होतं.

आता पंपाचं सांगतो, थोडक्यात. पंपाच्या दांड्यावर एक पोलादी नळी बसवलेली असते, तिला आम्ही स्लीव्ह म्हणतो. घासायचं ते तिनं घासावं, दांडा वाचावा, एवढंच तिचं काम. आमच्या पाण्यात लोखंडाचा कीस यायचा, त्यामुळं स्लीव्ह फार लवकर खरवडून निघायच्या. नव्या यायला महिनोन् महिने लागायचे. पंप गळत राहायचे आणि आम्ही गुडघाभर पाण्यात उभे राहून गळती थांबवायला पॅकिंगची दोरी ठोकत राहायचो. जुन्या स्लीव्ह भंगारात. एक दिवस मी म्हणालो, "या फेकतो कावून आपण? वेल्डिंगनं कडक धातू भरू, लेथवर परत गोल करू, वापरू." जोडीदार म्हणाला, "करून पाहू."

करून पाहिलं. माझा वेल्डिंगचा हात चांगला होता. मी स्लीव्हवर धातू भरायचो, ती लाल व्हायची, जोडीदार सांडशीनं उचलून घेऊन जायचा आणि कोपऱ्यातल्या एका जुन्या पिंपात ठेवून झाकण लावायचा. मी हात धुवून चहाला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो पीस पुसूनबिसून आणून द्यायचा, मग लेथवर. असे तीन पीस केले. तिन्ही पंपात बसवले. एक महिना, दोन महिने, चार महिने. एकही गळेना. आमचे इंजिनिअर साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि म्हणाले, ही तर नव्या योजनेतली गोष्ट आहे, फॉर्म भरा.

फॉर्म मीच भरला, कारण लिहिणं माझ्याकडं असायचं. त्याच ओट्यावर, जेवणाच्या सुट्टीत. वर प्रस्तावकाचं नाव, खाली सहयोग्यांसाठी दोन रिकाम्या ओळी. माझं नाव लिहून झालं. जोडीदार पलीकडं बसून पॅकिंगची दोरी कापत होता. मी विचारलं, "तुहं नाव टाकू का गा?"

त्यानं मान वर न करता म्हटलं, "राहू दे ना. माह्यं काय काम."

मी म्हणालो, "बरं." आणि खाली सही केली.

आता हे ज्याला कळायचं त्याला कळेल. आमच्याकडं पंगतीत बसलेला माणूस पहिल्यांदा कधी हो म्हणत नाही. पोळी वाढायला आलं की ताटावर हात आडवा. "नाही, पुरे झालं." वाढणाऱ्यानं म्हणायचं, "घ्या ना." पुन्हा हात. "अहो, अर्धी तरी." मग हात हळूच बाजूला होतो. पहिल्याच खेपेला घेणारा हावरट ठरतो आणि एकदाच विचारून पुढं जाणारा वाढप्या कवडीचुंबक. हे आम्हाला कोणी शिकवलं नाही, अंगातच आहे. त्याच्या घरी मी असाच जेवलो होतो, माझ्या घरी तो. मला त्याच्या "राहू दे"चा अर्थ पक्का ठाऊक होता. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, कारण मला ते नाव एकट्याचं हवं होतं. कल्पना माझी, वेल्डिंग माझं, फॉर्म माझा. तो फक्त गरम पीस उचलायचा, असं मी त्या मिनिटाला स्वतःला सांगितलं. आणि मला ते पटलंही.

यादी लागली नोटीस बोर्डावर. आमच्या मिलमधून एकच प्रस्ताव मंजूर, पुढं माझं नाव. गँगमधले सगळे वाचायला गेले. जोडीदारानं बोट ठेवून सावकाश वाचलं, खालपर्यंत वाचलं, जिथं काहीच नव्हतं तिथपर्यंत. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "छान झालं," आणि पंपाकडं निघून गेला. बस, एवढंच. भांडला असता तर मीही भांडलो असतो. चार शिव्या देऊन-घेऊन प्रकरण मिटलं असतं. पण तो भांडला नाही.

पंप हाऊसच्या मागं जुन्या स्टोअरची एक शेड रिकामी पडली होती, ती मला मिळाली. वेल्डिंगचं मशीन, एक म्हातारा लेथ, आणि दुसऱ्या खात्यांतून आणलेले दोन मदतनीस. दारावर निळ्या पत्र्याची पाटी लागली, वर कामाचं नाव आणि खाली माझं. पहिल्या दिवशी मी पाच वेळा काहीतरी निमित्त काढून बाहेर गेलो आणि पाटी पाहून आलो. खोटं कशाला बोलू! छाती फुगली होती. आमच्या खानदानात दारावर कोणाचं नाव लागलेलं नव्हतं.

मग जेवणाची सुट्टी झाली. दोघं मदतनीस आपापल्या जुन्या खात्यात जेवायला गेले, त्यांचे मित्र तिकडं होते. मी डबा घेऊन ओट्याकडं निघालो. भिंतीला लागूनच, पण वळसा घालून दोनशे पावलं असतील. तिथं पोचलो तर जोडीदार बाकीच्या तिघांच्या घोळक्यात बसला होता, ओट्यावर नाही, आत पाण्याचा दाब दाखवणाऱ्या गेजच्या बोर्डाखाली. जागा होती म्हणा. कोणी नको म्हटलं नाही. रायपूरवाला म्हणालाही, "आओ सेठ." सगळे हसले. जोडीदार हसला नाही, डब्यात बघत राहिला. मी म्हणालो, साहेब येणार आहेत, जरा काम आहे, आणि शेडमध्ये परत आलो. त्या दिवसापासून मी तिथं एकटा जेवू लागलो. लेथच्या बेडवर डबा ठेवून.

एकटं जेवणाऱ्या माणसाचं जेवण फार लवकर उरकतं. अर्ध्या तासाच्या सुट्टीतली वीस मिनिटं उरायची. ती वीस मिनिटं मी काय काय केलं! पान्हे आकारानं लावले, पुन्हा उलटे लावले. भिंतीपलीकडून जोडीदाराचा आवाज यायचा. तो तीच जुनी गोष्ट सांगत असायचा, मामाच्या लग्नात बैल मांडवात शिरल्याची, पण आता हिंदीत. त्याची हिंदी कच्ची. बैल मांडवात शिरायचा तिथंच तो अडकायचा, शब्द शोधायचा, आणि गंमत सांडून जायची. ऐकणारे उगाच हसायचे. मला ती गोष्ट पाठ होती आणि मी भिंतीच्या या बाजूला, एकटा, बरोबर जागेवर हसायचो. मग स्वतःचीच लाज वाटायची.

आणि मग पीस तडकायला लागले.

पहिला तडकला तेव्हा मी म्हटलं, होतं एखादं. दुसरा, तिसरा. पंपात बसवल्यावर आठ-पंधरा दिवस चालायचा आणि पृष्ठभागावर केसासारखी रेघ दिसायची, मग तिथून पाणी. स्लीव्ह काढायचं काम माझ्या जुन्या गँगचं, म्हणजे जोडीदाराचं. तो काढायचा आणि माझ्याकडं परत पाठवायचा, कोणाच्या तरी हाती. स्वतः कधी आला नाही. पण दर पीसवर जिथं तडा गेला तिथं खडूनं गोल केलेला असायचा. त्याच्या हाताचा गोल मी कुठंही ओळखला असता, शेवटी जरा चेपलेला. दहा महिन्यांत त्यानं मला दुसरं काही लिहून पाठवलं नाही. तसे खूप पीस जमले. मी ते शेडच्या मागच्या भिंतीशी रचून ठेवले, खडू न पुसता.

मी काय केलं नाही ते विचारा. वेल्डिंगच्या कांड्या बदलल्या. करंट कमी केला, जास्त केला. पीस लवकर थंड होऊन पटपट लेथवर जावेत म्हणून मोठा पंखा मागवला होता, तो दुसऱ्या बाजूनं लावला. मदतनिसांवर ओरडलो. ते बिचारे सांगेल ते करायचे. प्रयोगशाळेत पीस पाठवला, तिथून दोन पानांचा इंग्रजी रिपोर्ट आला. मी तो चार वेळा वाचला, अर्धा कळला नाही. समजावून द्या म्हणून साहेबाकडं जायचं तर पाटीवर नाव माझं! ज्याच्या नावाची शेड त्याला रिपोर्ट वाचता येत नाही, हे कसं सांगायचं? रिपोर्ट ड्रॉवरमध्ये गेला आणि तिथंच राहिला.

घरी बायकोनं बरोबर ओळखलं. म्हणाली, "तुमी त्यायले जाऊन विचारत कावून नाही? तोंड शिवलं हाय का?"

"त्याले काय विचारू? त्याले वेल्डिंग येते का?"

"वेल्डिंगचं नाही म्हणून राहिली मी," ती म्हणाली. "दहा वर्साचा माणूस हाय तो. सणाले आला नाही, मी पाहून नाही राहिली का? तुमचा ताठा तुमच्यापाशीच ठेवा मंग." मी ताट ढकलून उठलो. ताठ्याचं म्हणाल तर होताच. पण त्याच्याखाली भीती होती. मी गेलो आणि त्यानं साहेबांशी बोलतात तसं बोलून मला दारातून परत पाठवलं तर? निदान जोवर गेलो नाही तोवर आमचं काहीतरी उरलं होतं असं मानता येत होतं.

अकरावा महिना संपत आला. इंजिनिअर साहेब शेडमध्ये आले. भला माणूस. पीसचा ढीग पाहिला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हिंदीत म्हणाले, अजून एक महिना आहे, नाही जमलं तर शेड बंद करू, तुम्ही आपल्या गँगमध्ये परत जा, त्यात काही कमीपणा नाही. त्यांच्या दृष्टीनं नव्हताच. माझी गत काय झाली ते सांगतो. मला गँगमध्येच जायचं होतं. रोज दुपारी त्या ओट्यावर जाऊन बसायचं होतं. पण असं, हरून, त्याच्यासमोर? शेड टिकली असती तर त्याच्यावाचून टिकणार होती आणि बुडाली असती तर त्याच्या डोळ्यांदेखत. दोन्हीकडून मीच मेलेला.

रविवारी सकाळी एक तडकलेला पीस पिशवीत टाकला आणि सायकल काढली. जोडीदारानं कारखान्याचं क्वार्टर सोडून भिलाईजवळच कोहक्याला दोन खोल्या बांधल्या होत्या. वास्तुशांतीला मला बोलावणं होतं, मी गेलो नव्हतो. त्यामुळं घर शोधायला दोनदा विचारावं लागलं.

अंगणात हँडपंप उघडून तो खाली उकिडवा बसला होता. मला पाहिलं. "ये" नाही, "बस" नाही. दांडा धरून बसला होता आणि खाली वॉशर अडकला होता, एकट्यानं निघत नव्हता. मी सायकल भिंतीला लावली, बाह्या वर केल्या आणि दांड्याचं दुसरं टोक धरलं. अर्धा तास आम्ही काम केलं. त्यानं हात पुढं केला की मी पान्हा द्यायचो, कितीचा ते विचारावं लागलं नाही. त्या वर्षातला माझा सगळ्यांत चांगला अर्धा तास तो. मला वाटलं, वॉशर निघूच नये.

निघाला. पाणी आलं. त्याची बायको दारात येऊन म्हणाली, "या भाऊजी. रस्ता चुकले का?" मी ओशाळून हसलो. तिनं चहा आणि पोहे आणून ठेवले आणि आत गेली.

जोडीदारानं पिशवीकडं पाहिलं. "पीस आणला वाटते."

मी काढून दिला. त्यानं तो उन्हात धरून फिरवला, स्वतःच्याच खडूच्या गोलापाशी थांबला, नखानं रेघ खरवडली. मग म्हणाला, "राख कुठची वापरून राहिला तू? ओली असन."

मी म्हणालो, "कोणती राख?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. आधी त्याला मस्करी वाटली असावी. "पिंपातली," तो म्हणाला. "धानाच्या कोंड्याची."

"कोणत्या पिंपातली?"

मग त्यानं पीस खाली ठेवला आणि सांगितलं, लहान पोराला सांगावं तसं. त्याची आई चुलीतला इस्तो, म्हणजे निखारा, कोंड्याच्या राखेत पुरून ठेवायची, दुसऱ्या दिवशीपर्यंत तो आत लाल राहायचा. मी पहिला पीस भरला तेव्हा त्याच्या मनात आलं, की एवढा तापलेला धातू उघड्यावर एकदम निवला तर आतल्या आत ओढला जाईल आणि फाटेल. मातीची भांडी फाटतात तसा. म्हणून त्यानं राईस मिलमधून कोंड्याची राख सायकलवर आणली, पिंप भरलं आणि पीस त्यात पुरले. एक दिवस, एक रात्र, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. म्हणून ते तीन पीस अजून चालून राहिले होते. बाकीचे सगळे मी पंख्याखाली ठेवले होते.

माझ्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. रिपोर्टाच्या दोन पानांत हेच लिहिलेलं असणार.

"मले वाटलं तुले सगळं मालूम हाय," तो म्हणाला. "राख घेऊन गेला अन् माह्यं नाव सोडून गेला, असंच समजून राहिलो मी. सालभर. रोज तुह्या नावानं शिव्या देऊन राहिलो. पीस तडकले तं वाटे, बरं झालं लेकाचं, राख बी धड आणता येत नाही याले."

माझा जीव एकदम हलका झाला. अरे, एवढंच होतं तर! चोरीचा आळ होता आणि मी चोरी केलीच नव्हती. मी घाईघाईनं म्हणालो, "आईची आण गा, मले काहीच मालूम नव्हतं. मले वाटलं कोणाले चटका लागू नये म्हणून तू पीस तिकडं ठेवते. राखेचं मी पाहिलंच नाही."

मला वाटलं होतं तो हसेल. पाठीत धपाटा घालेल. पण त्याचा चेहरा उतरला. नोटीस बोर्डासमोर उतरला नव्हता तेवढा.

"तीन पीस," तो म्हणाला. "तीन खेपा तुह्या डोळ्यासमोर नेले मी. कपडे राखेनं भरून यायचो. तू एकदाही झाकण उघडून पाहिलं नाही?"

"नाही."

"विचारलं बी नाही, का हा करते काय म्हणून."

"नाही विचारलं."

त्यानं पीस उचलून परत माझ्या पिशवीत टाकला. मग अगदी हळू म्हणाला, "चोरलं असतं तं बरं झालं असतं गा. चोरणाऱ्यानं पाहिलं तरी असतं."

मी माफी मागितली. फॉर्ममध्ये त्याचं नाव लावतो म्हटलं, शेडमध्ये ये म्हटलं, पाटी उतरवून दोघांच्या नावाची लावतो म्हटलं. एकदा नाही, पाच वेळा म्हटलं असेल, शेवटी हात धरला. तो दर वेळी "नाही" म्हणाला. हा ताटावरचा हात नव्हता, मला फरक कळत होता. पण राख त्यानं दिली. आतून अर्धं पोतं आणलं, सुतळीनं तोंड बांधलं, माझ्या कॅरिअरवर स्वतः घट्ट आवळलं. कोंडा काळा जाळायचा, पांढरा होऊ द्यायचा नाही. राख आधी उन्हात वाळवायची. पीस मधोमध पुरायचा, कडेला लागू द्यायचा नाही. घाई करायची नाही. काहीही हातचं राखून ठेवलं नाही. मी निघालो तेव्हा तो हँडपंपाचा दांडा तपासत होता.

त्यानंतर एकही पीस तडकला नाही. महिना संपला, साहेब खूष झाले, शेड कायमची झाली. दुसऱ्या मिलची कामंही येऊ लागली. सहयोगी म्हणून त्याचं नाव लावण्याचा अर्ज मी स्वतः लिहून ऑफिसात दिला. त्यांनी त्याला सहीला बोलावलं, तो गेला नाही. दुसऱ्यांदा बोलावलं, तेव्हा जाऊन सांगून आला, की माझं त्यात काही काम नव्हतं. मला लेखनिकानं दाखवलं, अर्जावर तसा शेरा होता.

पुढं दरवर्षी नव्या लोकांसमोर मला उभं करायचे. मोठ्या कारखान्यात राहून आपलं स्वतःचं काम कसं उभं करावं, यावर बोलायला. मी हिंदीत बोलायचो. हिंमत ठेवा, कल्पना मांडा, अपयशाला भिऊ नका. राखेची गोष्ट सांगायचो, ती कोणाची ते दर वेळी सांगायचो. लोक टाळ्या वाजवायचे. त्यांना ती मोठेपणाची गोष्ट वाटायची. मी खाली उतरून पाणी प्यायचो आणि शेडमध्ये परत यायचो.

जोडीदाराशी भांडण मात्र राहिलं नाही. तेच सांगायचं आहे. कोहक्याच्या त्या रविवारनंतर आठवड्याभरात तो मला गेटवर भेटला. शिफ्ट सुटलेली, सायकलींची गर्दी. वर्षभर तो मला पाहून मान फिरवायचा, त्या दिवशी फिरवली नाही. सायकल थांबवली. चेहऱ्यावर राग नव्हता, इतका स्वच्छ चेहरा मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. मी आनंदानं सायकल त्याच्याजवळ नेली. मी काही बोलणार एवढ्यात तोच बोलला.

"कैसे हो भाई? शेड ठीक चल रही है ना?"

रायपूरवाल्याशी बोलायचा, आंध्रवाल्याशी बोलायचा, तसंच. मुद्दाम नव्हे, टोमणा नव्हे, अगदी सहज. त्यापुढं तो निवृत्त होईपर्यंत आम्ही कितीदा भेटलो, कायम असंच, प्रेमानं, हिंदीत.

मी म्हणालो, "हाँ, ठीक चल रही है."